दौलत ड्रायव्हरचा निजांश

भोरमध्ये माणसं फोटोतून बाहेर येऊन उभी राहायला लागली त्याला पंधरा वर्षं होत आली होती, आणि आता कुणाला त्याचं फारसं अप्रूप उरलं नव्हतं. सकाळी पेठेतून चक्कर मारली तर निम्म्या घरांच्या ओसरीवर कुणी ना कुणी गेलेलं माणूस उजेडाचं अंग घेऊन उभं असायचं. कुणाचे आजोबा पानाला चुना लावत, कुणाची आत्या पदर सारखा करत. चार-पाच सेकंदांचं ते जगणं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. नव्याने बदली होऊन आलेल्या एका पोस्टमनने तर अशाच एका आजोबांना सलग तीन दिवस रजिस्टर पत्रावर सही करायची विनंती केली म्हणे. आजोबा चुना लावत राहिले. चौथ्या दिवशी पोस्टमनने त्यांच्याकडे पान मागितलं.

हे सगळं घडत होतं ओल्या फोटोमुळे. साधा फोटो म्हणजे वाळलेला उजेड. उजेड येतो, कागदावर डाग पाडतो आणि विझतो, आणि आपण आयुष्यभर तो डाग कवटाळून बसतो. ओल्या फोटोची काच आलेला उजेड विझू देत नाही. घोटभर वेळ ती जसाच्या तसा आत धरून ठेवते, न वाळलेला. तो पुन्हा ओतता येतो, आणि ओतला की त्याची छबी होऊन माणूस समोर उभं राहतं. अट एकच, त्या उजेडाची नक्कल करता येत नाही. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतलं की तांब्यात तेवढं कमी होणारच. काचेतून माणूस काढला की काचेत त्याच्या मापाचं भोक राहतं.

आता आपल्याकडची एक रीत सगळ्यांना ठाऊक आहे. हार घातलेल्या फोटोत जिवंत माणूस असता कामा नये. म्हणून तर लग्नाच्या घोळक्यातून एकट्या आजोबांना कात्रीने सोडवून काढायचे आणि त्यात कुणा मेहुण्याची दोन बोटं आजोबांच्या खांद्यावर राहून जायची. कागदावर ते खपून जाई. ओल्या फोटोत खपेना. नसरापूरच्या एका छबीबरोबर चुकून मांडवाचा केळीचा खुंट ओतला गेला, त्याला पुढच्या श्रावणात घड लागला असं तिथले लोक अजून सांगतात. आणि एका जिवंत मेहुण्याला तर घरच्यांनी हारातला झेंडू बदलला की तिकडे साताऱ्यात शिंक यायची.

त्यामुळे माणसाभोवती अचूक रेघ फिरवून त्याला बाकीच्या जगापासून वेगळं काढणं, ह्या कामाला मोठा मान आला. त्याला म्हणत काठ ओढणं. आणि भोरमध्ये काठ ओढायचा तो डॉक्टर वसुधा टिपणीसांनी. बाई मूळच्या प्रकाशाच्या शास्त्रज्ञ. प्रयोगशाळा सोडून त्यांनी स्टँडमागचा एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ घेतला होता. भिंतीवरचा तळ्याचा आणि हंसांचा रंगवलेला पडदा त्यांनी तसाच ठेवला होता, कारण हंसाभोवती काठ किती वाईट ओढलाय हे रोज बघितलं की हात जपून चालतो, असं त्या म्हणत.

तिथे एका सकाळी अंतू शेलार आला. वय बहात्तर. भोर-महाड गाडीवर सव्वीस वर्षं कंडक्टर. पुढे गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या आणि घरी बसला. टॉवेलात गुंडाळलेली काच त्याने टेबलावर अशी ठेवली, जसं झोपलेलं मूल ठेवावं.

"बाई, ह्यातला ड्रायव्हर काढायचाय."

काच उन्हाला धरल्याबरोबर स्टुडिओत वरंधा घाटाचा गारवा आल्यासारखं वाटलं. धुकं नुकतंच फाटत होतं. लाल बसला टेकून दोन खाकी माणसं उभी. सूर्याकडे पाठ केलेला, उंच, मिशाळ, तो दौलत जगताप, ड्रायव्हर. त्याच्यासमोर, तोंडावर ऊन घेऊन, अंतू. दौलतचा हात अंतूच्या खांद्यावर, आणि दौलत हसत होता. आधी ओठ आवळून, मग मिशीतून, मग सगळ्या तोंडाने.

"शेवटच्या फेरीचा हाय. वाटंवरच्या एका पावण्यानं काढला," अंतू म्हणाला. "दौलतला जाऊन वरीस होतंय. येत्या शुक्रवारी वर्षश्राद्ध. त्याचा दुसरा ओला फोटो न्हाई. वहिनीला ह्योच पायजे."

"काढला की तुमच्या काचेत काय राहील, ठाऊक आहे ना शेलारकाका?"

"भोक ऱ्हाईल." अंतूने टॉवेलाची घडी घातली. "सव्वीस वर्षं त्याच्या डाव्या अंगाला बसलो. आता भोकाच्या डाव्या अंगाला बसंन."

बाईंनी काम सुरू केलं. पहिलं हत्यार कांडी. माणसाच्या रंगावर कांडी टेकवायची, त्या रंगाला लागून तसला जेवढा रंग असेल तेवढा ती आपण होऊन गोळा करते. दौलतच्या सदऱ्यावर टेकवली. कांडीने दौलत घेतला, त्याच्या हातावरून उतरून अंतू घेतला, कारण तोही खाकी, आणि अंतूच्या पाठीमागचा वाळल्या गवताचा डोंगरही खाकीच निघाला, तोही घेतला.

"ह्या हिशेबानं सगळा भोर तालुका श्राद्धाला उभा ऱ्हाईल," अंतू म्हणाला.

मग बाईंनी टाचण्या घेतल्या. माणसाच्या कडेकडेने उजेडाच्या बारीक टाचण्या टोचत जायचं आणि दोन टाचण्यांमध्ये रेघ ताणायची. कोपर सरळ असेल तिथे दोन पुरतात. कानाला अकरा लागल्या. मिशीला चारशे. अंतूच्या खांद्यावर टेकलेल्या पंजाला तर अख्खा दिवस गेला, कारण पंजा दौलतचा, पण पंजाखाली दबलेली सदऱ्याची चुणी अंतूची.

आणि तरी कडेचे कण उरलेच. मिशीचा केस जिथे धुक्यात संपतो तिथला कण धड केसाचा नसतो, धड धुक्याचा नसतो. असल्या अर्धवट कणांसाठी बाईंनी स्वतःच एक यंत्र बनवलं होतं, वाटणीयंत्र. उजेड वाटेत ज्या ज्या वस्तूला शिवतो तिची खूण अंगावर घेऊन पुढे जातो. वाटणीयंत्र प्रत्येक कणाला विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून आणि वाटेत कुणाकुणाला शिवलास? आणि ज्याचं त्याला वाटून द्यायचं. आजवर त्यांनी ते फक्त कडेला चालवलं होतं. ह्या वेळी कोण जाणे काय वाटलं, त्यांनी ते दौलतच्या सबंध तोंडावरून फिरवलं.

दुसऱ्या दिवशी अंतूबरोबर हौसाबाई आल्या, दौलतच्या बायको. बरोबर त्यांचे थोरले दीर, नाना. नानांच्या खिशात भिंग होतं. कुठल्याही छबीत जिवंत माणसाचा कण राहिलाय का ते बघायला गावात त्यांनाच बोलावत.

बाईंनी त्यांना बसायला दिलं आणि सरळ सांगितलं. "दौलतरावांच्या तोंडावरचा उजेड मोजला. शंभरातले एक्क्याण्णव भाग शेलारकाकांचे आहेत. सहा धुक्याचे. दोन गाडीच्या लाल रंगाचे."

"आन् एक?" नानांनी विचारलं.

"वाटेवर माकड बसलं असावं."

"आन् दौलतचं सवताचं?"

"उजेड? काही नाही."

मग अंतूच म्हणाला, "बाई, मशीन बिघडलंय. तोंड त्याचं, मिशी त्याची, उजेड माजा कसा?"

"सूर्य त्यांच्या पाठीमागे होता काका. त्यांच्या तोंडावर ऊन पडायचा संबंधच नाही. ऊन पडलं तुमच्यावर. तुम्हाला शिवून ते त्यांच्याकडे गेलं, म्हणून त्यांचं तोंड दिसलं. तुम्ही तिथे नसता तर फोटोत नुसती काळी आकृती आली असती."

"मंग माणसाचं सवताचं असतं काय?" हौसाबाईंनी विचारलं.

"मावशी, वांगं जांभळा उजेड परत पाठवतं आणि लिंबू पिवळा. अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर दोन्ही काळीच. पण परतवायची रीत ज्याची त्याच्याजवळ असतेच. तेवढीच माणसाची. तिला मी निजांश म्हणते. बाकी सगळं उसनं." बाईंनी काचेवर बोट ठेवलं. "अगदी अचूक काठ ओढला, जिवंत माणसाचा कण न् कण काढला, तर दौलतराव उभे राहतील. पण काळे. दिसणार काहीच नाही. हसणंही नाही."

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडायला नव्हे. त्या विचार करताना तसं करत.

"त्यो माणूस वाईट नव्हता," त्या हळूच म्हणाल्या. "पण घरात त्याचं तोंड म्हंजे घाटातली पाटी. सावकाश जा. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यो माज्याकडं बगून असा हसला न्हाई. असा हसतू, हेच मला ह्या फोटूत कळलं. मला तेवढंच पायजे व्हतं बाई. ते हसू घरात."

"मंग ठेवा की माजा उजेड त्यात!" अंतू म्हणाला. "मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

"हार पडंल तुज्यावर अंत्या," नाना म्हणाले.

"पडू द्या. मला मेलेला धरा."

"असं कसं धरता यील? रेशनकार्डावर नाव हाय तुजं."

"म्हंजे माजा जीव रेशनकार्डात हाय म्हना की नाना."

नाना हसले नाहीत. बाई म्हणाल्या की हारामुळे जिवंत माणसाला काही होतं ह्याला कसलाही पुरावा नाही, मेहुण्याची शिंक ही सर्दीच होती. पण सगळे हौसाबाईंकडे बघत होते. त्यांनी काचेतलं ते हसणं आणखी एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "जित्या माणसावर हार घालून मला हसू नगं. अंतूभावजींना पोरंबाळं न्हाईत, हाय त्यो एकच फोटू, त्यो बी आपन घेतला. त्यांच्याकडनं आनखी किती घ्यायचं? बाई, तुमी अचूक काढा."

वर्षश्राद्धाच्या दिवशी दौलत ड्रायव्हरची छबी त्याच्या माजघरात उभी राहिली. पाटावर, पुरुषभर उंच, मिशीच्या शेवटच्या केसापर्यंत बिनचूक, आणि संपूर्ण काळी. जणू हवेत माणसाच्या मापाची खिडकी कापली होती आणि खिडकीपलीकडे रात्र होती. नानांनी भिंग लावून टाचेपासून टोपीपर्यंत तपासलं आणि जाहीर केलं, जिवंत माणसाचा एक कण नाही. एवढं शुद्ध काम त्यांनी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. पाव्हणे येत, हात जोडत आणि कुणीकडे बघून जोडायचे ते न कळून हाराकडे बघून जोडत. आळीतल्या एका बाईंनी तर छबीच्या पाठीला नमस्कार केला, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पानं उठली, माणसं पांगली. कलतं ऊन पश्चिमेच्या दारातून आत यायला लागलं, तेव्हा अंतू निरोप घ्यायला माजघराच्या दारात आला. छबीकडे तोंड करून उभं राहायचं म्हणून तो आत आला, वळला, मग त्याला राहवेना, तो पुन्हा दाराकडे गेला आणि चौकटीला पाठ टेकून, तिरप्या उन्हात तोंड धरून नाक पुसायला लागला. ऊन त्याच्या तोंडावर पडलं, खादीच्या सदऱ्यावर पडलं आणि तिथून माजघरात शिरलं.

"भावजी," हौसाबाई म्हणाल्या. "हालू नका."

काळोखात आधी मिशी उमटली. मग ओठ, आवळलेले. मग ते सुटले. आणि दौलत जगताप आपल्या घरात पहिल्यांदा मिशीतून, गालांतून, सगळ्या तोंडाने हसला. हाराच्या झेंडूंवरसुद्धा तो उजेड सांडला. घरात पाण्याच्या तळाशी असतं तसं हलकं, हिरवट सोनेरी काहीतरी पसरलं आणि त्यात हौसाबाई कितीतरी वेळ तरंगत राहिल्यासारख्या उभ्या होत्या.

मग त्या म्हणाल्या, "आता व्हा बाजूला."

अंतू बाजूला झाला. दौलत विझला. हौसाबाई स्वतः दारात जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, ऊन तोंडावर घेतलं आणि मान वळवून बघितलं.

मिशी उमटली. ओठ उमटले, आवळलेले. तिथेच राहिले. सावकाश जा.

अंतूने मान खाली घातली. नंतर त्याने बाईंना विचारलं तेव्हा बाईंनीही खरं ते सांगितलं, की काचेत पाच सेकंद आहेत, सुरुवातीला आवळलेले ओठ आहेत आणि शेवटी हसणं आहे. कुणाला शिवून आलेला उजेड त्यातल्या कुठल्या सेकंदाला जाग आणतो हे आपल्याला मोजता येतं, का ते सांगता येत नाही.

पण त्या संध्याकाळी हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "भावजी, उद्यापास्नं ह्या वक्ताला येत नका जाऊ."

"का वो वहिनी? मी उबा ऱ्हातो की रोज. मला काय काम हाय?"

"तुमच्या पायी त्यो सव्वीस वर्षं हसला. आता मला बगू द्या."

त्यानंतर महिनाभर, ऊन कलतं झालं की हौसाबाई दारात. आज हिरवं लुगडं, उद्या पिवळं. एकदा नाकात नथ घालून. एकदा अंगावर नुसती पांढरी चादर घेऊन, पांढऱ्यावरून उजेड जास्त जातो असं कुणीतरी सांगितलं म्हणून. कधी स्वतः हसून बघायच्या, कधी घाटातल्या गमती आठवून सांगायच्या, ज्या मुळात अंतूनेच त्यांना सांगितल्या होत्या. आळीतल्या बायका आधी चिडवायच्या, "काय वो हौसाआजी, पुन्यांदा लगीन हाय काय?" मग चिडवायच्या थांबल्या. ऊन त्या दारावर आलं की रस्त्यावरचे आवाजसुद्धा आपोआप खाली यायचे.

आणि एका दुपारी हौसाबाईंचा निरोप आला, दोघांनी ताबडतोब या.

अंतू आणि वसुधाबाई गेले, तर हौसाबाई दारातच उभ्या. अंगावर साधं घरचं लुगडं. तोंड असं उजळलेलं, की बाईंना क्षणभर वाटलं ह्यांचीच कुणी छबी केली की काय.

"भुवई हालली," हौसाबाई म्हणाल्या. "परवा हालली. काल बी. डावी. बगा तर."

त्यांनी ऊन तोंडावर घेतलं. काळोखात दौलत उमटला, ओठ आवळलेला, आणि मग अगदी सावकाश त्याची डावी भुवई वर गेली. जसं कुणीतरी काहीतरी विचारतंय.

वसुधाबाईंनी पिशवीतून वाटणीयंत्र काढलं, छबीवरून फिरवलं, आकडे बघितले, पुसले, पुन्हा फिरवलं. मग त्यांनी अंतूला कोपऱ्यात घेतलं आणि पुटपुटल्या, "काका, हे त्या काचेत नव्हतं. पाच सेकंदांतला कण न् कण मी मोजलाय. त्यात भुवई हलत नाही."

"मंग आली कुठनं?"

"काठ ओढला तेव्हा आत परका कण एकही नव्हता. आता शंभरात बारा आहेत. सगळे मावशींचे." बाईंच्या आवाजात शास्त्रज्ञाचा आनंद होता आणि थोडी भीतीही. "उजेड येतो आणि परत जातो अशी माझी समजूत होती. थोडा आत मुरत असावा. मी ते बारा काढू शकते. नानांना कळायच्या आत."

अंतूने छबीकडे नीट बघितलं. सव्वीस वर्षं तो त्या तोंडाच्या डाव्या अंगाला बसला होता. वळणावर, चिखलात, दरड कोसळली तेव्हा, त्या तोंडाची प्रत्येक हालचाल त्याला पाठ होती.

"दौलतची भुवई कदी हालायची न्हाई," तो अगदी हळू म्हणाला.

"काय म्हनताय तिथं दोघं?" हौसाबाईंनी दारातून विचारलं, आणि विचारताना त्यांची डावी भुवई वर गेली.

वसुधाबाईंनी ती बघितली. मग पाटावरची बघितली. यंत्र त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"भावजी, खरं सांगा," हौसाबाई म्हणाल्या. आवाज पोरीसारखा झाला होता. "तुमी त्याला माज्यापेक्षा जास्त वळखता. ही वर गेली की पुडं हसतू का त्यो? मला लई वळखीची वाटतीया ती भुवई. कुठं बगितली ते ध्येनात येईना."

ऊन हौसाबाईंच्या तोंडावरून आत वाहत होतं.

"हसतू की," तो म्हणाला. "भुवई वर गेली की मंग हसतूच. तुमी उब्या ऱ्हावा, वहिनी."